ऑल-स्टार सामना, अटलांटा २०२५ : स्विंग-ऑफ तुम्हाला पटला का?

मारिएटाकर

मंडळी, मंगळवारी १५ जुलैला अटलांटाच्या ट्रुइस्ट पार्कवर बेसबॉलचा ऑल-स्टार सामना झाला, म्हणजे नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगच्या निवडक खेळाडूंमधला. मी आणि माझा मुलगा वरच्या मजल्यावर उजवीकडे बसून अगदी शेवटच्या फटक्यापर्यंत तो बघत होतो. अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नॅशनल लीगने पहिल्याच इनिंगमध्ये खातं उघडलं. ओहतानीचा सिंगल (पहिल्या बेसपर्यंतचा फटका), लगेच आमच्या अकुन्याचा सिंगल (ब्रेव्हजचं घरचं मैदान, त्यामुळे लोकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं), मग केटेल मार्टेचा डबल (थेट दुसऱ्या बेसपर्यंत) आणि दोन रन. आणि हे सगळं टारिक स्कूबलसारख्या पिचरसमोर (चेंडू टाकणारा)! सहाव्या इनिंगमध्ये पीट अलोन्सोने तीन रनांचा होमरन (चेंडू थेट भिंतीपलीकडे) मारला, कॉर्बिन कॅरलने आणखी एक. ६-०. आमच्या रांगेतले निम्मे लोक उठून पार्किंगकडे निघाले.

सातव्यात अमेरिकन लीगच्या ब्रेंट रूकरने तीन रनांचा होमरन ठोकला आणि इनिंग संपली तेव्हा ६-४ होतं. नवव्यात बकस्टनचा डबल, बॉबी विटचा डबल, आणि दोन बाद असताना स्टीव्हन क्वानने तिसऱ्या बेसकडे एक मेलेला चेंडू ढकलून जीव खाऊन धाव घेतली. ६-६!

आणि मग जादा इनिंग नाहीत. २०२२ पासून नियमात आहे पण कधी वापरायची वेळ आली नव्हती, तो स्विंग-ऑफ. प्रत्येक संघाचे तीन बॅटर, प्रत्येकाला तीन फटके, चेंडू टाकणार आपल्याच बाजूचा कोच. ज्यांचे होमरन जास्त ते जिंकले. रूकरने दोन मारले, आमच्या स्टोवर्सने एक, अरोझारेनाने एक. म्हणजे ३-१ अशी पिछाडी. मग फिलाडेल्फियाचा काइल श्वार्बर आला आणि तीन फटक्यांत तीन होमरन! तिसऱ्या वेळी तर त्याचा एक गुडघा जमिनीला टेकला होता आणि चेंडू उजवीकडच्या प्रेक्षकांत. शेवटी अरांडाला एकही जमला नाही. ४-३.

मुलगा म्हणाला, बाबा, आयुष्यात बघितलेला सगळ्यात भारी सामना. मलाही तसंच वाटलं. पण ऑफिसातले अमेरिकन सहकारी दोन दिवस यावरून भांडतायत, म्हणून विचारतो. असा निकाल लावणं तुम्हाला पटलं का? आणि मुळात जो सामना गुणतक्त्यात मोजला जात नाही, तो तुम्ही कशासाठी बघता?

फिलीचा_भाऊ

श्वार्बर!!! बाकी उद्या लिहितो.

पहाटवारा

पुण्यात पहाटे साडेपाचला सुरू होतो. चहा घेऊन बसले आणि स्विंग-ऑफ झाला तेव्हा ऑफिसची कॅब खाली येऊन थांबली होती.

मी कशासाठी बघते? या वेळी तरी क्लेटन कर्शॉसाठी. ३७ वर्षांचा माणूस, महिन्याच्या सुरुवातीलाच तीन हजारावा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद करणं) पूर्ण केलेला. कमिशनरांनी त्याला मानाने संघात घेतलं. दुसऱ्या इनिंगमध्ये आला तो कॉलरला माइक लावून, आणि चेंडू टाकता टाकता समालोचकांशी गप्पा मारत होता! समोर कॅल राली, आदल्या दिवशी होमरन डर्बी (होमरन मारायची स्पर्धा) जिंकलेला. त्याने जोरात मारला, काइल टकरने पुढे झेपावत झेल घेतला, कर्शॉ सुटला म्हणून हसला. पुढच्या व्लादिमीर गरेरो ज्युनियरला त्याने उभ्या उभ्या बाद केलं. लगेच मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स येऊन चेंडू मागून घेतो, अख्खं स्टेडियम उभं. त्याने फक्त दोन बॅटरना पिचिंग केलं, पण तेवढ्यासाठी पहाटेचं उठणं वसूल झालं.

गुणतक्त्यातल्या सामन्यात हे होऊच शकत नाही. तिथे कर्शॉने हसायचं नाही, बोलायचं नाही, फक्त बाद करायचं.

तिसरा_पंच

मारिएटाकर, वर्णन झकास. पण मी विरुद्ध बाजूचा.

बेसबॉल म्हणजे पिचर विरुद्ध बॅटर. एकाने फसवायचं, दुसऱ्याने ओळखायचं. स्विंग-ऑफमध्ये पिचर कुठे आहे? आपलाच कोच, त्यातून डॉजर्सचा डिनो एबेल, जो वर्षानुवर्षं लोकांना होमरन मारता यावेत असेच चेंडू टाकत आलाय. म्हणजे नऊ इनिंग एक खेळ खेळायचा आणि निकाल दुसऱ्याच खेळाने लावायचा. श्वार्बरला सामन्यात एकही हिट मिळाला नव्हता आणि तरी सामनावीर तोच! क्वानने ती धाव घेऊन सामना बरोबरीत आणला, त्या धावेला मग काय किंमत राहिली?

दहावी इनिंग खेळा. दुसऱ्या बेसवर एक धावपटू उभा करून सुरुवात करा, लीगच्या सामन्यांत करतातच की. बेसबॉलचा निकाल बेसबॉलनेच लागायला हवा.

डावखुरी

पंचसाहेब, तुमचं वाचून १४ सप्टेंबर २००७ आठवला. डर्बन, भारत-पाकिस्तान, बरोबरी, आणि बोल-आउट. सेहवाग, हरभजन, उथप्पा तिघांनी दांडी उडवली, समोरच्यांना एकदाही जमलं नाही. ३-०. तेव्हा आपल्यापैकी किती जण म्हणाले होते की यात बॅट्समन कुठे आहे?

अर्थात तो विश्वचषकातला सामना होता आणि पुढे बोल-आउट काढून सुपर ओव्हर आणली तेही योग्यच झालं. खरी स्पर्धा असेल तर निकाल खऱ्या खेळाने लावा, इथवर मी तुमच्या बाजूने. पण ऑल-स्टार ही खरी स्पर्धा नाही. तिथे हे चालतं. नुसतं चालत नाही, शोभतं.

मारिएटाकर

पंच, दहाव्या इनिंगला पिचर कुठून आणायचे? हाच तर मूळ पेच आहे. ऑल-स्टारला एक पिचर जेमतेम एक इनिंग टाकतो, कारण त्याचा क्लब मागे टपून बसलेला असतो : आमचा हात खराब करू नका. २००८ ला यांकी स्टेडियममधला सामना १५ इनिंग चालला. शेवटी स्कॉट काझमिरला उतरवावं लागलं, ज्याने दोनच दिवस आधी लीगच्या सामन्यात शंभरावर चेंडू टाकले होते. त्याच्या टीमच्या मॅनेजरचा चेहरा आठवून बघा.

जुनी_पानं

आणि त्याआधी २००२, मिलवॉकी. तो सामना मी टीव्हीवर अखेरपर्यंत पाहिलाय. ११ इनिंगनंतर ७-७, दोन्हीकडचे पिचर संपले. कमिशनर बड सेलिग स्वतः मिलवॉकीचे, पहिल्या रांगेत बसलेले, त्यांनी हात वर करून बरोबरी जाहीर केली. लोकांनी जी हुर्यो केली ती विचारू नका. सामनावीराच्या पुरस्काराला त्याच आठवड्यात, नुकत्याच वारलेल्या टेड विल्यम्सचं नाव दिलं होतं, आणि तो कुणालाच मिळाला नाही.

वाईट एवढ्याचंच की सामना सुरेख होता. पहिल्याच इनिंगमध्ये बॅरी बॉन्ड्सचा होमरन टोरी हंटरने भिंतीच्या वर हात घालून अडवला, तर बॉन्ड्सने धावत जाऊन त्याला खांद्यावर उचललं. प्रतिस्पर्ध्याला! ते दृश्य मी विसरणार नाही. पण लोकांच्या लक्षात राहिली ती बरोबरी.

त्याच्या रागातून २००३ ते २०१६ असा नियम होता की ऑल-स्टार जिंकेल त्या लीगच्या संघाला वर्ल्ड सिरीजमध्ये (दोन लीगच्या विजेत्यांची अंतिम मालिका) घरच्या मैदानाचा फायदा. जुलैतल्या गमतीवर ऑक्टोबरचं भवितव्य ठरवायचं! त्यापेक्षा स्विंग-ऑफ शंभर पटींनी बरा.

चौकट_राजा

वाचतोय, छान चाललंय. मला बेसबॉलमधलं फार कळत नाही. एक प्राथमिक प्रश्न विचारू का? ही नॅशनल आणि अमेरिकन लीग म्हणजे नेमकं काय? आयपीएलसारख्या दोन वेगळ्या स्पर्धा आहेत का?

जळगावची_पिचर

चौकट_राजा, दोन्ही मिळून एकच मेजर लीग, प्रत्येकीत १५ संघ. नॅशनल जुनी, १८७६ ची. अमेरिकन १९०१ ला मोठी लीग म्हणून आली. आधी दोघींत विस्तव जात नव्हता. पुढे दोन विजेत्यांची वर्ल्ड सिरीज सुरू झाली, पण बाकी वर्षभर एकीचे संघ दुसरीच्या संघांशी खेळतच नसत. आणि हे १९९७ पर्यंत!

आता विचार करा. तुम्ही सेंट लुईसला राहता, तुमचा संघ नॅशनल लीगचा. बेब रूथ किंवा टेड विल्यम्स तुमच्या पिचरपुढे उभा राहिला तर कसं होईल, हे बघायची संधी कधी? वर्ल्ड सिरीज नाहीतर ऑल-स्टार. म्हणून १९३३ ला शिकागोत जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने पहिला सामना भरवला तेव्हा लोक तुटून पडले. त्यात होमरन कुणी मारावा, तर बेब रूथने. पुढच्याच वर्षी कार्ल हबेलने रूथ, गेरिग, फॉक्स, सिमन्स, क्रोनिन अशा पाच जणांना ओळीने स्ट्राइकआउट केलं. लोक आजही ती पाच नावं घडाघडा म्हणतात.

आता २०२३ पासून प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. २०२२ पासून दोन्ही लीगचे नियमही एकसारखे. त्यामुळे ते कुतूहल संपलं. सामन्याची चव गेली असं जे म्हणतात ना, त्याचं मूळ इथे आहे. खेळाडू आळशी झालेत वगैरे मला पटत नाही.

चौकट_राजा

वा, इतकं सोपं करून कुणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद ताई. तुमचं नाव बघून विचारतो, तुम्ही खेळायचात का?

जळगावची_पिचर

हो, सॉफ्टबॉल. आमच्या शाळेच्या मैदानावर क्रिकेटच्या बरोबरीने चालायचा. पिचिंग खालून, हात पूर्ण गोल फिरवून. सोडताना मनगट मांडीजवळून जातं आणि बोटांचा शेवटचा झटका बसला की चेंडू वर उचलला जातोय असं बॅटरला वाटतं.

त्यामुळे मी सामना पिचरच्या नजरेने बघते. पॉल स्कीन्स! कारकिर्दीच्या पहिल्या दोन्ही वर्षांत ऑल-स्टारची सुरुवात करायचा मान, हे याआधी कुणालाच जमलेलं नाही. पहिल्या दोघांना, टोरेस आणि ग्रीनला, स्ट्राइकआउट करून टाकलं. जज फक्त ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) मारू शकला.

पण मला सगळ्यात आवडलं ते यंदा वापरलेलं चेंडूचं आव्हान, म्हणजे पंचाच्या स्ट्राइक की बॉल या निर्णयाला. पहिल्या इनिंगमध्ये स्कूबलने मॅनी मचाडोला चेंज-अप (फसवा हळू चेंडू) टाकला, दोन स्ट्राइक असताना. पंच म्हणाले बॉल, म्हणजे स्ट्राइक नाही. कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) रालीने लगेच हेल्मेटवर थाप मारली. आव्हान! मोठ्या पडद्यावर चेंडूची रेघ आली, चौकटीच्या आत, मचाडो बाद. सगळं मिळून काही सेकंद. फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर आव्हान देऊ शकतो, डगआउटमधून (संघाच्या बाकावरून) कुणी सांगायचं नाही, हे तर फारच उत्तम. सामन्यात पाच आव्हानं झाली, त्यातली चार बरोबर ठरली. नवव्या इनिंगमध्ये अमेरिकन लीगच्या पाळीचा शेवटही तसाच झाला : एडविन डियाझने आव्हान दिलं आणि अरोझारेना स्ट्राइकआउट. नाहीतर स्विंग-ऑफपर्यंत गाडी आली असती का, कुणास ठाऊक.

तिसरा_पंच

आव्हानाला माझा पूर्ण पाठिंबा. पंचाला खाली दाखवणं म्हणून त्याकडे बघू नका. ताशी शंभर मैलाने येणारा चेंडू, वर कॅचर तो झेलताना ग्लोव्ह हळूच आत ओढतो. माणसाच्या डोळ्याने किती धरायचं?

फिलीचा_भाऊ

आलो. झोप झाली, आवाज अजून बसलेलाच आहे.

पंचसाहेब, श्वार्बरला सामनावीर दिलं ते योग्यच. ३-१ ने मागे, पहिला फटका चुकला तर खेळ जवळजवळ संपला, समोर दोन्ही लीगचे खेळाडू रांगेत उभे राहून बघतायत. खरा पिचर नाही म्हणता, पण दडपण खरंच होतं ना? रूकरचं बघा. आदल्या दिवशी डर्बीत त्याचे आणि रालीचे होमरन सारखे झाले, तेव्हा कुणाचा फटका जास्त लांब गेला हे मोजलं आणि एक इंचापेक्षाही कमी फरकाने रूकर बाहेर. पुढे राली डर्बी जिंकला, वडील चेंडू टाकतायत आणि १५ वर्षांचा धाकटा भाऊ कॅचर! आणि त्या रूकरने दुसऱ्याच दिवशी येऊन सामन्यात होमरन मारला, वर स्विंग-ऑफमध्ये दोन. याला दम लागतो.

डावखुरी

फिलीचा_भाऊ, नवा पिचर मिसिओरोव्स्कीला ऑल-स्टारला घेतलं ही तक्रार आता बंद ना? :)

फिलीचा_भाऊ

ती बंद होणार नाही :) पाच सामने खेळलेला पोरगा. शंभरच्या वर सहज टाकतो, मान्य. आठव्या इनिंगमध्ये टाकलेसुद्धा. पण अर्धं वर्ष घाम गाळलेले पिचर आमच्या फिलाडेल्फियाच्या संघात होते, आणि आमच्या खेळाडूंनी नाराजी उघड बोलून दाखवली तर त्यात काय चुकलं? ऑल-स्टार हा वर्षभराच्या कामाचा मान आहे.

पहाटवारा

मला उलट वाटतं. हे लोकांसाठी आहे, लोकांना जे बघायचंय ते दाखवा. मिसिओरोव्स्की आला तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला.

मारिएटाकर

आमच्या बाजूच्या रांगेतही तेच. प्रत्येक चेंडूला लोक वेगाच्या आकड्याकडे मान वळवत होते.

पहाटवारा, कर्शॉचं बोलणं आम्हाला मैदानात ऐकूच आलं नाही, ते तुम्ही टीव्हीवाल्यांनी खाल्लं. पण स्विंग-ऑफच्या वेळी जे आमच्या वाट्याला आलं ते टीव्हीवर दिसलं का सांगा. दोन्ही डगआउट रिकामे. खेळाडू गवतावर येऊन उभे, काही जण गुडघ्यावर बसलेले, चेंडू उडाला की सगळ्यांची हनुवटी एकदम वर, चेंडू भिंतीपलीकडे गेला की उड्या. कुठला कोटी डॉलरवाला आणि कुठला काय, सगळे पोरं झाले होते. अरांडाचा एक फटका भिंतीच्या माथ्यावर आदळला तेव्हा अमेरिकन लीगच्या सगळ्यांनी डोक्याला हात लावला. मी बेसबॉल बरीच वर्षं बघतोय, खेळाडूंना असं खुललेलं पाहिलं नव्हतं. जज, ओहतानी वगैरे मात्र खेळातून कधीच बाहेर गेले होते. ते हवे होते असं वाटलंच.

न्यूजर्सी_न्यूजर्सी

ओहतानी नव्हता हाच माझा मुद्दा आहे. पेनल्टी शूटआउटला मेस्सीला घरी पाठवाल का? मॅनेजरना तीन नावं आधीच ठरवून द्यावी लागतात. त्यातला युहेनियो सुआरेझ हाताला चेंडू लागून बाहेर गेला, म्हणून स्टोवर्सला घेतलं. स्विंग-ऑफ ठेवायचाच असेल तर कुणीही परत येऊ शकेल असं करा. जज विरुद्ध ओहतानी, तीन-तीन फटके. अख्खं जग जागं राहील.

अवांतर : ऑल-स्टार म्हटलं की मला नोव्हेंबर २०१५ आठवतो. न्यूयॉर्कचं सिटी फील्ड, मेट्सचं मैदान, आणि त्यात सचिन विरुद्ध वॉर्न! मधोमध आणून बसवलेली खेळपट्टी. बेसबॉलचं मैदान असल्यामुळे सीमारेषा एका बाजूला अगदी हाताशी. सेहवागने जे काही षटकार ठोकले! आमच्या बाजूला एक आजी नातवाला सांगत होत्या, तो बघ आपला सचिन. वॉर्ननेच सचिनला काढलं, सामनाही त्यांनीच जिंकला, पुढे ह्यूस्टन आणि लॉस एंजेलिसलाही तेच जिंकले. कुणाला फरक पडला? सचिन बॅट घेऊन पायऱ्या उतरला तेव्हा जो आवाज झाला तो माझ्या कानात आहे. मारिएटाकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर हेच.

डावखुरी

सिटी फील्डला आम्हीही होतो! सचिन आणि वॉर्न एकत्र टॉसला चालत आले तेव्हा नवऱ्याच्या डोळ्यात पाणी. वॉर्न आता नाही हे लिहितानाही कसंतरी होतं.

ओसाकातली_मनी

जपानहून लिहितेय. इथे ऑल-स्टारचे दरवर्षी दोन सामने असतात आणि लोक आपापल्या संघाची जर्सी घालून, कर्णे वाजवत, प्रत्येक बॅटरचं गाणं म्हणत बघतात. प्रतिस्पर्धी संघाच्या बॅटरचं गाणंसुद्धा सगळे मिळून म्हणतात. तेच मला सगळ्यात आवडतं.

बरोबरीबद्दल : इथे लीगच्या सामन्यातही १२ इनिंगनंतर बरोबरी मान्य करतात. लोक टाळ्या वाजवून शांतपणे घरी जातात. अमेरिकनांना बरोबरी इतकी का खुपते ते मला कधी कळलं नाही. पण स्विंग-ऑफ बघून इथलं ऑफिस मात्र वेडं झालं होतं, हेही खरं.

जुनी_पानं

जर्सीवरून आठवलं. यंदा खेळाडू आपापल्या क्लबच्या जर्सीत खेळले याचा फार आनंद झाला. मध्ये काही वर्षं सगळ्यांना एकाच रंगाचे ठरावीक कपडे घालत, कोण कुठला ते कळायचं नाही. लहानपणी माझ्या मुलांना मी संघ ओळखायला शिकवलं ते ऑल-स्टार बघतच. लाल ते सेंट लुईस, हिरवे-पिवळे ते ओकलंड.

पीचट्री_आजोबा

इथे सगळं आलं, पण माझ्यासाठी त्या रात्रीचा सामना सहाव्या इनिंगनंतरच्या काही मिनिटांत होता. हँक आरनविषयी कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

मी १९७३ मध्ये शिकायला अटलांटाला आलो. बेसबॉल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आरन तेव्हा बेब रूथच्या ७१४ होमरनच्या उंबरठ्यावर होते आणि एका काळ्या माणसाने रूथला मागे टाकायचं हे बऱ्याच लोकांना सहन होत नव्हतं. त्यांना ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत, पोत्यांनी. आम्ही वसतिगृहातली भारतीय मुलं रोज पेपरात तेच वाचायचो. हा देश नवा, आपण इथे उपरे, तेव्हा त्या माणसाच्या मागे आमचा जीव का लागला हे वेगळं सांगायला नको.

८ एप्रिल १९७४, डॉजर्सविरुद्ध, चौथी इनिंग, पिचर अल डाउनिंग. वसतिगृहाच्या टीव्हीसमोर दाटीवाटीने उभे होतो. चेंडू डावीकडे भिंतीपलीकडे गेला. आरन नेहमीसारखेच, घाई नाही, मिरवणं नाही, बेस ओलांडत गेले. दोन तरुण मैदानात घुसून त्यांच्या बाजूने धावले, पाठ थोपटली. होम प्लेटवर (बॅटर उभा राहतो ती जागा) आईने त्यांना जी मिठी मारली ती सोडेचना. त्या माउलीला काय भीती वाटत असेल ते मला स्वतःची मुलं झाल्यावर समजलं.

परवा दिवे मालवले, मैदानाच्या गवतावर ती १९७४ ची रात्र प्रकाशाने उभी केली, आणि होम प्लेटपासून एक ज्वाळा चेंडूच्या वाटेने डावीकडे झेपावत गेली. लोकांनी फोनचे दिवे लावले होते. त्यांच्या पत्नी बिली आरन तिथे हजर होत्या. ऑल-स्टारसाठी २५ वेळा निवड झालेला माणूस, तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. माझ्या शेजारी बसलेली विशीतली मुलगी रडत होती, आणि ती जन्मली तेव्हा आरन निवृत्त होऊन जमाना झाला होता.

ट्रुइस्ट पार्कला कधी गेलात तर आतल्या स्मारकात त्यांचा पुतळा आणि त्यामागे लावलेल्या ७५५ बॅटी जरूर बघा. सामना मोजला जातो की नाही यावर माझं काही म्हणणं नाही. आरन यांच्यासाठी सगळ्या देशाचे खेळाडू एका मैदानात टोप्या काढून उभे राहतात, ते फक्त या सामन्यात होऊ शकतं.

जळगावची_पिचर

आजोबा, नमस्कार. दोनदा वाचलं.

तिसरा_पंच

पीचट्री_आजोबा, अतिशय सुंदर लिहिलंत. हा भाग मी पाहिलाच नव्हता, आता शोधून पाहिला.

मारिएटाकर

काका, तेव्हा मुलाने मला विचारलं, हे कोण? मी सांगायला लागलो आणि मागच्या रांगेतल्या एका आफ्रिकन-अमेरिकन गृहस्थांनी पुढे वाकून बाकीचं सांगितलं. त्यांचे वडील त्या १९७४ च्या सामन्याला प्रत्यक्ष होते. पुढची पूर्ण इनिंग मुलगा मागे तोंड करून बसला होता. सामना संपल्यावर घरी पोचायला मात्र खूप वेळ लागला.

न्यूजर्सी_न्यूजर्सी

याच अटलांटाकडून २०२१ चा सामना काढून डेन्व्हरला नेला होता, जॉर्जियाच्या मतदान कायद्यावरून. आरन त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. म्हणजे ही मानवंदना तेव्हाच व्हायची, ती चार वर्षं लांबली.

चौकट_राजा

मी काल रात्री सामन्याची झलक शोधून पाहिली. एक भाबडा प्रश्न : मैदानातून परत येताना इतका वेळ का लागला? शहरात मेट्रो आहे ना?

मारिएटाकर

मेट्रो शहरात आहे, हे मैदान शहराबाहेर कॉब काउंटीत. २०१७ ला इथे आले. रेल्वे पोचत नाही, दोन मोठे हायवे जिथे मिळतात तिथेच मैदान, सगळे गाडीनेच येणार. सामना संपल्यावर पार्किंगमधून हलायलाच इतका वेळ गेला की मुलगा मागे झोपून गेला. एवढा एक भाग सोडला तर तक्रार नाही.

तिसरा_पंच

दोन दिवस विचार करून लिहितो. डावखुरी म्हणाल्या की खोट्या स्पर्धेला स्विंग-ऑफ शोभतो, आणि मारिएटाकरांनी पिचरच्या हाताचा मुद्दा काढला. काझमिरचं उदाहरण मला माहीत नव्हतं. ते मोठं आहे. दहाव्या इनिंगचा आग्रह मी त्यामुळे सोडतो.

पण मूळ प्रश्नाला माझं उत्तर अजून नाहीच आहे. नऊ इनिंगनंतर ६-६ असेल तर ओसाकातली_मनी म्हणतात तशी बरोबरी मान्य करा. सामनावीर दोघांना द्या, एक रूकर आणि एक अलोन्सो. आणि मग त्यानंतर स्विंग-ऑफ करा, जज आणि ओहतानीला परत बोलावून, लोकांच्या आनंदासाठी. निकालासाठी नको. त्या क्वानची ती धाव मला वाया गेलेली बघवत नाही.

ओसाकातली_मनी

याला माझं +१. बरोबरी आणि वर स्विंग-ऑफ.

फिलीचा_भाऊ

पंचसाहेब, क्वानची धाव वाया कशी गेली? तो धावला नसता तर श्वार्बर आलाच नसता!

बाकी पुढचा ऑल-स्टार २०२६ ला आमच्या फिलाडेल्फियात, सिटिझन्स बँक पार्कवर. देशाचं २५० वं वर्ष, शहर सजलेलं असेल. इथे रेल्वे मैदानापर्यंत येते, मारिएटाकर. मुलाला घेऊन या, रहायची सोय माझ्याकडे. आजोबा, तुम्हीही या.

पीचट्री_आजोबा

तब्येत साथ देईल तर नक्की. आरन झाले, आता श्वार्बरला त्याच्या घरच्या मैदानावर बघायचंय.

तिसरा_पंच

मीही येतो. बरोबरी झाली तर वाद तिथेच समोरासमोर घालू.

डावखुरी

तिकिटं कधी सुटतात ते कुणीतरी या धाग्यावरच टाका.